जमीन राज्याची, मग रेरा संसदेचा कसा?

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. त्यांच्या मुलीने खारघरमध्ये घर नोंदवले असून करारनाम्यातील ताब्याची तारीख उलटून दीड वर्ष झाले आहे. महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्यातील प्राधिकरणाकडे, तक्रार करण्याची तयारी चालू असताना बिल्डरच्या कार्यालयातील गृहस्थांनी त्यांना ऐकवले की, जमीन हा राज्याचा विषय आहे, रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा २०१६ चा कायदा, दिल्लीत झालेला आहे आणि वरच्या कोर्टात तो टिकणार नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा की, राज्याच्या विषयावर संसदेने कायदा केलाच कसा. दुसरा त्याच्याच पोटातला आहे: कायदे करण्याचा अधिकार संसदेकडे मुळात आला कोठून, आणि ती सर्वोच्च आहे असे म्हणतात त्याचा अर्थ काय. तिसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या संस्थेचा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र २००९ मध्ये मिळाले, जमीन मात्र अजून बिल्डरच्याच नावावर आहे. केंद्राचा रेरा आल्यावर राज्याचा १९६३ चा मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा, संपला का, असे त्यांनी विचारले आहे.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर सव्वीस वर्षे वकिली करताना यातला पहिला आणि तिसरा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे; दुसरा सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक दुसऱ्याचे उत्तर नीट समजले की उरलेली दोन्ही त्यातूनच निघतात. तरीही मुलीचा पैसा अडकलेला आहे, म्हणून प्रथम एवढे सांगून टाकतो की बिल्डरच्या गृहस्थांचे म्हणणे चुकीचे आहे आणि तो मुद्दा न्यायालयांनी केव्हाच निकालात काढलेला आहे. कसा, ते पुढे येईलच.

संविधानाचा अनुच्छेद २४५ संसदेला संपूर्ण भारतासाठी किंवा त्याच्या कोणत्याही भागासाठी कायदे करण्याचा अधिकार देतो. मात्र त्या वाक्याची सुरुवातच अशी आहे की, हा अधिकार संविधानाच्या तरतुदींना अधीन राहून वापरायचा आहे. घाईने वाचणारे ही सुरुवात गाळतात आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. त्यापुढील अनुच्छेद २४६ सातव्या अनुसूचीकडे बोट दाखवतो, आणि त्या अनुसूचीत कायद्याच्या विषयांच्या तीन याद्या आहेत. संविधान लागू झाले तेव्हा संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. संरक्षण, रेल्वे, चलन हे संघाकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, महानगरपालिका हे राज्याकडे. फौजदारी कायदा, विवाह, करार यांसारखे विषय दोघांकडे. तिन्ही याद्यांत जे कोठेच बसत नाही, ते अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेच्या पदरात पडते. माझ्याकडे नवा कायदा आला की मी त्याचे पहिले कलम वाचण्याआधी तो कोणत्या नोंदीवर उभा आहे ते शोधतो. सातबारा न पाहता कोणी जमीन घेत नाही, त्यातलाच हा प्रकार.

राज्यसूचीची १८ वी नोंद जमिनीची आहे. जमिनीवरील हक्क, भूधारणा, कुळ आणि मालक यांचे संबंध, शेतजमिनीचे हस्तांतरण, हे सर्व तिच्यात येते. म्हणजे बिल्डरच्या गृहस्थांचे अर्धे वाक्य खरे आहे. ते किती खरे आहे, याचा पुरावा ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील प्रत्येक जुन्या फाइलमध्ये सापडतो. १९७६ साली संसदेने नागरी जमीन कमाल धारणा कायदा केला, ज्याला आपल्याकडे आजही सगळे यूएलसी म्हणतात. शहरातील मोकळ्या जमिनीवर मर्यादा घालायची म्हणजे थेट १८ व्या नोंदीत हात घालायचा, आणि तो अधिकार संसदेला नव्हता. म्हणून अनुच्छेद २५२ चा आडमार्ग वापरावा लागला: दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून विनंती केली तर त्या राज्यांपुरता संसदेला राज्यसूचीतील विषयावर कायदा करता येतो. महाराष्ट्राने असा ठराव केला होता, आणि म्हणूनच हा कायदा येथे लागू झाला.

त्यातली खरी गंमत कायदा रद्द होताना दिसली. संसदेने १९९९ मध्ये यूएलसी रद्द करणारा कायदा केला, आणि ठाण्यातील कित्येक जमीनमालकांनी त्या वेळी पेढे वाटले. पण राज्याच्या विनंतीवरून केलेला कायदा राज्याच्या ठरावाशिवाय तेथून हलत नाही. महाराष्ट्राने रद्दीकरण स्वीकारले ते २९ नोव्हेंबर २००७ पासून. मधली आठ वर्षे दिल्लीने रद्द केलेला कायदा ठाण्यात जिवंत होता आणि त्याखालील परवानग्या, सवलतीचे आदेश, अतिरिक्त घोषित झालेल्या जमिनी यांची प्रकरणे चालूच होती. आजही जुन्या भूखंडावरचा करारनामा तपासताना त्या आठ वर्षांतील कागद मी वेगळा काढून ठेवतो. संसद स्वतःच्या अधिकाराबाहेर गेली तर काय होते यापेक्षा ती अधिकाराबाहेर जाऊ शकत नाही तेव्हा काय करते, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मग रेराला असा ठराव का लागला नाही? कारण रेरा जमिनीचा कायदा नाही. समवर्ती सूचीची ६ वी नोंद शेतजमीन वगळून इतर मालमत्तेच्या हस्तांतरणाची आणि दस्तनोंदणीची आहे, तर ७ वी नोंद करारांची आहे. सचिवसाहेब, आपल्या मुलीने खारघरमध्ये जे केले, ते काय होते ते पाहा: तिने बिल्डरशी करार केला, ठरावीक मुदतीत ठरावीक चटई क्षेत्राचे घर तिला हस्तांतरित व्हायचे आहे, आणि त्यासाठी ती टप्प्याटप्प्याने पैसे देते आहे. खालची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असो की कोणाच्या मालकीची, रेरा तिची धारणा बदलत नाही. तो बिल्डरच्या शब्दावर आणि पैशांच्या हिशोबावर नियंत्रण ठेवतो. कायदा एखाद्या परक्या नोंदीला जाता जाता स्पर्श करत असला तरी त्याचा गाभा कोणत्या नोंदीत बसतो हे पाहायचे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या खटल्यात वापरली आणि तेव्हापासून ती सातत्याने वापरली जात आहे. ४ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या प्रकरणात रेराचा गाभा याच ६ व्या आणि ७ व्या नोंदींत असल्याचे मानले. त्या राज्याने २०१७ मध्ये रेराला पर्याय म्हणून स्वतःचा, बराचसा रेराचीच नक्कल असलेला कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असूनही राष्ट्रपतींची अनुमती न घेतल्यामुळे तो घटनाबाह्य ठरला. त्याच्याही आधी, ६ डिसेंबर २०१७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने बिल्डरांच्या याचिकांवर निर्णय देताना चालू प्रकल्पांनाही रेरा लागू करणे वैध ठरवले होते. हे दोन निकाल त्या गृहस्थांसमोर ठेवावेत. संभाषण लवकर संपेल.

समवर्ती विषयावर दोघांचेही कायदे झाले तर काय, याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतः अनुभवले आहे. रेराच्या आधीच आपल्या विधानमंडळाने महाराष्ट्र गृहनिर्माण (विनियमन व विकास) अधिनियम, २०१२ हा कायदा केला होता आणि अनुच्छेद २५४ प्रमाणे त्याला राष्ट्रपतींची अनुमतीही फेब्रुवारी २०१४ मध्ये मिळाली होती. अशी अनुमती मिळाली की राज्याचा कायदा त्या राज्यापुरता केंद्राच्या कायद्यावर वरचढ ठरतो, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच अनुच्छेदाचे शेवटचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, मात्र विसरले जाते. त्यानुसार संसद नंतर त्याच विषयावर कायदा करून राज्याचा तो कायदा बदलू किंवा रद्दही करू शकते. रेराचे अखेरचे कलम ९२ एवढेच काम करते: ते महाराष्ट्राचा २०१२ चा अधिनियम रद्द करते. दिल्लीच्या कायद्याच्या शेवटच्या कलमात फक्त महाराष्ट्राचे नाव आहे, हे पाहून माझ्या कार्यालयातील एका कनिष्ठ सहकाऱ्याला छपाईची चूक वाटली होती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. या याद्या, ही परंतुके, हे सगळे लिहिले कोणी आणि त्यांना तो अधिकार कोणी दिला? ब्रिटनच्या पार्लमेंटला असा प्रश्न विचारता येत नाही, कारण तेथे पार्लमेंटच्या डोक्यावर एकसंध लिखित संविधान नाही. आपली संसद मात्र संविधानाच्या अनुच्छेद ७९ ने जन्माला आली; राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून ती होते. तेव्हा जन्मदात्याची चौकशी करायला हवी. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली तेव्हा तिचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडलेले होते, आणि त्या विधानसभा मर्यादित मताधिकारावर निवडल्या गेल्या होत्या. मालमत्ता नसलेले, कर न भरणारे, शाळा न पाहिलेले असे बहुसंख्य लोक त्या मतदानाबाहेर होते. उद्देशिकेतील 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द या अर्थाने १९४९ मध्ये थोडे उसने घेतलेले होते, आणि ते कर्ज १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकाराने फेडले गेले, असे माझे मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे अनुच्छेद ३९५. ब्रिटिश पार्लमेंटने १९४७ मध्ये केलेल्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमामुळे संविधान सभेला औपचारिक अधिकार मिळाला, असे कोणी म्हणू शकले असते; संविधान सभेने त्याच अनुच्छेदाने तो अधिनियम आणि १९३५ चा भारत सरकार अधिनियम, दोन्ही रद्द करून टाकले आणि आपले संविधान कोणत्याही राजाच्या संमतीसाठी पाठवले नाही. ज्या शिडीने वर चढलो ती शिडीच काढून घेतली, जेणेकरून अधिकाराचा उगम शोधत जाणाऱ्याला लंडनपर्यंत जाता येऊ नये. विषयांच्या तीन याद्यांची कल्पना मात्र १९३५ च्या अधिनियमातूनच आली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तेव्हा संसद सर्वोच्च आहे का? निवडून आलेल्या संस्थांमध्ये ती सर्वांत वरची आहे, पण तिचा अधिकार दिलेला आहे, स्वयंभू नाही. आणि दिलेल्या अधिकाराला कड असते. एक कड याद्यांची, जी वर पाहिली. दुसरी मूलभूत हक्कांची: अनुच्छेद १३ प्रमाणे त्या हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली, तेव्हा पालघर आमच्या ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या प्रकरणी चर्चेत आलेले, त्रासदायक ऑनलाइन संदेश गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ संसदेने डिसेंबर २००८ मध्ये जवळजवळ चर्चेविना मंजूर केलेल्या दुरुस्तीतून आलेले होते. अटकेनंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलम रद्द झाले. 'त्रासदायक' म्हणजे नेमके काय हे ज्या कलमावरून कोणालाही सांगता येत नव्हते, त्यावर दोन्ही सभागृहांनी खंडशः बसून विचार केला असता तर ते त्या स्वरूपात बाहेर पडले नसते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

तिसरी कड सर्वांत वादग्रस्त. अनुच्छेद ३६८ प्रमाणे संसद संविधानही बदलू शकते. त्यासाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, आणि काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थनही लागते. आपल्याकडे या अनुच्छेदाची फळे चेक नाक्यावर दिसली. मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या बाजूने मुंबईत शिरणाऱ्या मालाच्या ट्रकांच्या जकातीसाठी लागणाऱ्या रांगा १ जुलै २०१७ पासून दिसेनाशा झाल्या, कारण १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीची ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंद, वगळून टाकली होती. अनुसूचीतली एक ओळ खोडली आणि नाके ओस पडले. परंतु ओळी खोडण्याच्या या अधिकारालाही सीमा आहे, असे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले: संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. सहा न्यायाधीशांना ते पटले नव्हते, आणि निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी अशी चौकट आखावी का हा आक्षेप आजही गंभीरपणे घेण्यासारखा आहे. माझ्यापुरते उत्तर असे की, ज्याने मुखत्यारपत्र दिले त्याचे घरच विकून टाकण्याचा अधिकार त्या मुखत्यारपत्रात गृहीत धरता येत नाही.

कायदा प्रत्यक्ष घडतो कसा, ते शाळेच्या पुस्तकात असते: तीन वाचने, दोन सभागृहे, राष्ट्रपतींची अनुमती. ते चूक नाही, पण त्यातून फारसे काही कळत नाही. सरकारी विधेयक सभागृहात येण्याआधी संबंधित मंत्रालय, विधी मंत्रालयाचा मसुदा लिहिणारा विभाग आणि मंत्रिमंडळ यांच्या हातांखालून गेलेले असते. खासदारांची स्वतःची विधेयके कायदा होण्याचे प्रमाण इतके नगण्य आहे की आजवर चौदाच झाली आणि शेवटचे १९७० मध्ये. सभागृहातील भाषणांनी मतदान फिरण्याची अपेक्षाही आता धरू नये, कारण १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाचा व्हिप मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. पक्षांतर थांबवण्यासाठी केलेल्या या तरतुदीने साध्या विधेयकावरही खासदाराची जीभ बांधली, असे माझे मत आहे. राहता राहिले ते समितीचे दालन, आणि कायद्याचा मजकूर घासूनपुसून निघतो तो तेथेच.

रेराचा प्रवास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. पुढे मे २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि सरकार बदलले, तरी विधेयक बुडाले नाही, कारण राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने अद्याप मंजूर न केलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने व्यपगत होत नाही, असे अनुच्छेद १०७ सांगतो. तेच विधेयक लोकसभेत मांडले असते तर नव्या सरकारला पाटी कोरी करून बसावे लागले असते. मधल्या काळात ते आधी स्थायी समितीकडे आणि नंतर राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. मूळ मसुद्यात एक हजार चौरस मीटर किंवा बारा सदनिकांपेक्षा लहान प्रकल्प सुटत होते. अंतिम कायद्यात ती मर्यादा पाचशे चौरस मीटर किंवा आठ सदनिकांवर आली. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी किती हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायचा, तो आकडा आधी सत्तर टक्के किंवा सरकार ठरवील त्याहून कमी असा होता, २०१५ च्या सरकारी दुरुस्त्यांत पन्नासवर आला आणि मंजूर मजकुरात पुन्हा सत्तर झाला. आपल्या मुलीने भरलेल्या प्रत्येक लाखातले सत्तर हजार त्याच प्रकल्पाच्या खात्यात जमा व्हायला हवेत, ते या ओढाताणीमुळे. राज्यसभेने १० मार्च २०१६ रोजी आणि लोकसभेने १५ मार्चला विधेयक मंजूर केले, २५ मार्चला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, आणि ज्याला तोवर 'खंड' म्हणत होते त्याचे 'कलम' झाले.

त्याच २५ मार्च २०१६ या तारखेला आधारच्या विधेयकालाही अनुमती मिळालेली आहे. ते ३ मार्चला लोकसभेत आले ते धन विधेयक म्हणून. धन विधेयकावर राज्यसभेला चौदा दिवसांत केवळ शिफारशी करता येतात आणि त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. १६ मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि त्याच दिवशी लोकसभेने त्या फेटाळल्या. एका विधेयकाला अडीच वर्षे लागली, दुसऱ्याला जेमतेम तीन आठवडे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मताने तो मार्ग मान्य केला. धन विधेयक कशाला म्हणावे हा व्यापक प्रश्न नंतर मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. वेग वाईटच असतो असे नाही, पण रेरावरील वादात मला समितीचा अहवाल उघडून एखादा शब्द का घातला ते दाखवता येते, आणि तीन आठवड्यांत झालेल्या कायद्यात ती सोय नसते. दोन्ही सभागृहांचे मतभेद मिटवण्यासाठीची संयुक्त बैठक आजवर कायद्यासाठी तीनदाच भरली आहे: १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. तिच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

पुढचा टप्पा पक्षकाराच्या खिशाशी थेट संबंधित असल्याने तो सावकाश सांगतो. राष्ट्रपतींची सही झाली म्हणजे कायदा लागू झाला असे नव्हे. राजपत्रात अधिसूचना निघून तारीख ठरावी लागते. रेराची काही कलमे १ मे २०१६ पासून लागू झाली, पण बिल्डरवर प्रत्यक्ष बंधने घालणारी कलम ३ ते १९ ही १ मे २०१७ पासून. त्या वर्षभरात माझ्याकडे आलेले एक वृद्ध जोडपे वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन बसले होते, 'पास झाला ना कायदा?' असे विचारत. त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटले होते. कामगार संहितांचे उदाहरण आणखी ताजे आहे. त्या २०१९ आणि २०२० मध्ये मंजूर झाल्या आणि लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. तोवर तुर्भे, महापे, रबाळे येथील कारखान्यांत जुनेच कायदे चालू होते.

आणि कायदा लागू झाला तरी त्यातले काही रकाने संसद मुद्दाम रिकामे ठेवते. आपल्या मुलीच्या उपयोगाचे कलम १८ घ्या. बिल्डरने करारातील तारखेला ताबा दिला नाही, तर ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडून सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबासाठी व्याज मागता येते. व्याज किती? कलम एवढेच म्हणते की विहित करण्यात येईल अशा दराने. विहित करणार राज्य सरकार, कलम ८४ खालील नियमांनी. महाराष्ट्राने एप्रिल २०१७ मध्ये केलेल्या नियमांत भारतीय स्टेट बँकेच्या एमसीएलआर, म्हणजे कर्जासाठीच्या आधारभूत दरांपैकी सर्वोच्च दरावर दोन टक्के असा दर ठरवला. म्हणजे तक्रारीतील हक्क संसदेचा, आणि मागणीचा आकडा मंत्रालयातून आलेला. हे नियम विधानमंडळासमोर ठेवावे लागतात, असे कलम ८६ सांगते. तेथे त्यांच्यावर कितपत चर्चा होते, ते आपण मनाशीच समजावे. तक्रार लिहिताना मी कलम आणि नियम दोन्ही उद्धृत करतो आणि व्याजाचा तक्ता महिन्यानुसार जोडतो. आपणही तसेच करावे, आणि मुलगी घर ठेवणार की पैसे परत घेणार हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. दोन्ही मागण्या एकदम लिहून ठेवणाऱ्यांची प्रकरणे विनाकारण लांबतात.

राहिला मोफा. कलम ९२ ने रद्द केला तो २०१२ चा अधिनियम. १९६३ चा मोफा त्या कलमात नाही. शिवाय कलम ८८ म्हणते की रेराच्या तरतुदी इतर कायद्यांच्या जोडीला आहेत, त्यांना कमी करणाऱ्या नाहीत. विसंगती असेल तेथे कलम ८९ प्रमाणे रेरा वरचढ ठरतो, पण आपल्या संस्थेच्या बाबतीत विसंगतीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण इमारत २००९ मध्ये पूर्ण झाली आणि तिला भोगवटा प्रमाणपत्रही तेव्हाच मिळाले. आपला मार्ग मोफाच्या कलम ११ चा, म्हणजे बिल्डरने करून न दिल्यास जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याच्या मानीव अभिहस्तांतरणाचा. बिल्डरची सही त्यासाठी लागत नाही. तो हजर राहिला नाही तरी त्याला नोटीस देऊन सक्षम प्राधिकारी एकतर्फी आदेश करू शकतात. नमुना ७ मधील अर्ज ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा आहे. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांची यादी आणि त्यांचे नोंदणीकृत करारनामे, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक एवढी जुळवाजुळव आधी करावी. आपल्या पत्रासोबत आलेल्या मालमत्ता पत्रकावर यूएलसीच्या एका आदेशाचा उल्लेख आहे आणि त्याची तारीख २००३ ची आहे. त्या आदेशाची प्रमाणित प्रत अर्जाआधी मिळवून ठेवा.